दारावर आडनाव नको

आज आम्ही ओमानमधल्या सोहारहून मस्कतच्या वादी अदाई भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलगा ड्रिल घेऊन दाराशी होता, म्हणून मी यांची पितळी पाटी पुढे केली. ‘सुधाकर कांबळे’. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी सोहारच्या दारावर ती तशीच होती.

मुलगा म्हणाला, "आई, ही तुझ्या खोलीत लावू. बाहेर नको."

"का रे? सोहारला तर होती."

"तिथे शेजारी मल्याळी आणि ओमानी होते. त्यांना आडनावावरून काही कळायचं नाही. इथे सगळा मजला मराठी आहे."

"मग बरंच की. बोलायला माणसं झाली."

"बोलतील गं. पण सईला घरात खेळायला घेतील का? आधी ओळख तरी होऊ दे."

सई माझी नात, सहा वर्षांची. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. त्यांच्या मुलाने, म्हणजे यांनी, इंजिनियर झाल्यावर हौसेने ही पाटी करून घेतली होती.

मुलाला ‘तुझं चुकतंय’ म्हणणार होते, पण पाटी उचलून माझ्या खोलीत नेली.

इथे वाचणारे तुम्ही बहुतेक मराठीच. खरं सांगा, समोरच्या दारावर ही पाटी पाहूनही तुम्ही सईला आत बोलावलं असतं ना?