कोबोल ऐंशी-एक्स आणि आनंदरावांचा नंबर

नागपुरात सदरमधल्या आमच्या कचेरीत त्र्याऐंशी साली थंड हवा दोघांनाच मिळे: कॉम्प्युटरला, आणि त्याच्यासोबत बसतात म्हणून चंपतराव बोरकुट्यांना. कुहीकडच्या धानाच्या बांधावरून आलेला हा गडी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून पानठेल्यावर उभा राही. कॉम्प्युटरला कचेरीचं काम समजावून सांगायची भाषा, कोबोल, आमच्यात त्यांना एकट्यालाच येई.

त्या कोबोलची नवी आवृत्ती यायची होती. अमेरिकेत समिती बसली होती. साल काही ठरेना, म्हणून नाव ठेवलं 'कोबोल ऐंशी-एक्स'. म्हणजे पत्रिका छापून तयार आणि मुहूर्ताची जागा कोरी! चंपतरावांना मात्र हे फार सोयीचं झालं. कुठलीही दुरुस्ती सांगा, ते म्हणत, "नवं येऊन राह्यलं नं गा. आता काहून हात लावता?"

यात अडकले आमचे आनंदराव. नोकरीला लागले बावन्न साली, म्हणजे कचेरीत सगळ्यांत जुने. जूनअखेर निवृत्ती, आणि एप्रिलात हेडक्लार्कची जागा रिकामी होणार. ज्येष्ठता यादीत पहिला नंबर असला की तीन महिने तरी त्या खुर्चीत बसायला मिळणार. पण यादी त्याच वर्षी कॉम्प्युटरवर गेली, आणि आनंदराव शेवटच्या नंबरावर आले! कालच चिकटलेल्या टायपिस्टच्याही खाली. कारण नियम आले होते मुंबईहून. नागपूर त्यांच्या राज्यात आलं छप्पन्न साली. त्याआधी इथे कुणी नोकरीला लागू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्याआधीची तारीख चूक समजून खोडायची आणि बिनतारखेचा माणूस शेवटी टाकायचा, असंच चंपतरावांनी कॉम्प्युटरला शिकवलं होतं. छप्पन्नच्या आधीचे बाकी सगळे निवृत्त झालेले. उरले एक आनंदराव.

ते रोज काचेच्या दारापाशी उभे राहत.

"चंपतराव, माहा नंबर?"

"थांबा नं जी. एक 'जर' घालावं लागते, 'जर तारीख छप्पन्नच्या आधीची असन तं' असं. जुन्यात 'जर' कुठं संपलं ते धड समजत नाही. नव्यात 'जर संपलं' असं सांगाची सोय हाय."

"अन् तोवर मीच संपलो तं?"

मार्चमध्ये चंपतरावांकडे मुंबईहून मासिक आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. स्वेटर काढला. मी विचारलं, "काय झालं?"

"लांबलं. तिथल्या मोठमोठ्या कंपन्यायनं आक्षेप घेतले म्हंते. आमचे जुने प्रोग्राम चालून राह्यले, नवं आणून बिघडवू नका म्हंते."

"म्हणजे अमेरिकेतही जुनंच चालू आहे?"

इतकी वर्षं साऱ्या कचेरीला थोपवून धरलेला माणूस, आणि ज्यांच्या भरवशावर थोपवलं तेच जुनं सोडायला तयार नाहीत! चंपतराव उठले आणि यंत्रावर पुठ्ठ्याची तीन कार्डं टोचून, म्हणजे कॉम्प्युटरला तीन ओळींचा हुकूम लिहून, आले. तीन. पाऊण तासही लागला नाही.

दुपारी नवी यादी निघाली. आनंदरावांनी सवयीनं खालून वाचायला सुरुवात केली. बोट वर वर सरकत पार टोकाला गेलं, आणि तिथे स्वतःचं नाव पाहून त्यांनी चष्मा पुसला. मग हळूच विचारलं,

"हे तुमचं नवं आल्यावर मी पुन्हा खाली तं नाही जाणार?"

"नाही जी," चंपतराव म्हणाले, "तवापर्यंत मीबी रिटायर होतो."