मालनचं पांढरं बी

आमच्या शेजारची मालनवहिनी पालीला लग्न होऊन आली, तेव्हा माहेराहून राजगिऱ्याचं बी घेऊन आली होती. इकडे परसात माठ लावतात, तो भाजीपुरता. दाण्यासाठी राजगिरा लावणारी आमच्या वाडीत ती एकटीच. दाणे पांढरेशुभ्र. महाशिवरात्रीला तिचे लाडू घरोघर जात. बियाण्यासाठी ती कुंपणाकडचं, उन्हातलं, सगळ्यांत जाड कणीस राखी. एकदा सासू ते भाजायला निघाली, तर हिने नवी नवरी असूनही तिच्या हातातून ओढून घेतलं.

पुढे तिचा मुलगा हर्षद याने घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. सून शमिकाने नर्सरीतून शोभेचा राजगिरा आणून कुंपणालगत लावला. लालभडक, लोंबत्या तुऱ्यांचा. मालनलाही तो आवडला. त्या वर्षी तिचे दाणे नेहमीसारखे पांढरेच निघाले आणि तिने कुंपणाकडचंच कणीस राखलं.

पुढच्या वर्षी झाडं पुरुषभर उंच झाली. ती खूश होती. झोडणी केली, तर सुपात निम्मे दाणे काळे. कढईत फुलेनात, नुसते करपले. राखलेल्या कणसाला आदल्या वर्षीच लाल झाडांचा पराग लागला होता, असं कृषी खात्यातल्या माणसाने सांगितलं.

मालनने बियाण्यासाठी पांढरे दाणे एकेक वेचले.

"हर्षद, ती लाल झाडां काढ रे. माझां बी बिघडतंय."

"आये, लोक त्यांचे फोटो बघून येतात. तुझ्या मूठभर दाण्यांसाठी उपटू?"

"मूठभरच ऱ्हायलंय, म्हणून सांगतंय."

"बाजारात पाकीट मिळतं की, निवडलेलं!"

झाडं राहिली. यंदा पांढरा दाणा औषधालाही निघाला नाही.

महाशिवरात्रीला शमिकाने पाकिटातल्या राजगिऱ्याचे लाडू केले आणि टेबलावर पाटी ठेवली, 'आजीच्या परसातला राजगिरा'. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "आजी, घरचाच ना हा?" हर्षद बाजूलाच उभा होता.

"होय," मालन म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने काळ्या दाण्यांचा डबा परसातल्या चुलीत ओतला. मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "वहिनी, आता वाफ्यात काय लावणार?"

"शमिकाक इचारा, भावजी," ती म्हणाली. "कुठला रंग हवाय तां."