ताईचं ऑपरेशन आणि मावशीचा आग्रह

माझी मोठी बहीण अमरावतीला शाळेत शिकवायची. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, आणि वजन असं की रिक्षात तिच्याशेजारी बसलं की मी निम्मी बाहेरच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट लहान करायचं ऑपरेशन आता नुसतं वजनासाठी करत नाहीत. नव्या संशोधनात साखरेलाही त्याचा चांगला उपयोग दिसलाय. ताईनं हिंमत केली. तिचं पोट केळ्याएवढं उरलं.

‘कोणाला सांगायचं नाही,’ हे मात्र माझं. त्या साली बोंडअळीनं कापूस पार खाऊन टाकला होता. आमच्याच नात्यातली माणसं एका वेळच्या जेवणावर दिवस काढत होती. आणि माझी बहीण जेवण कमी व्हावं म्हणून पोट कापून आली, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? लाज मला वाटत होती, ताईला नाही. पण माझी जीभ फार चालते आणि ताईला भांडण सोसत नाही, म्हणून तिनं माझं ऐकलं.

दोन-अडीच महिन्यांनी मावशीनं जेवायला बोलावलं. भातकुलीकडे तिचं दोन एकर रान, तेही कापसाचंच. आई गेल्यापासून आमचं माहेर तेच. तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, वर तुपाची धार. ताई चार घास खाऊन थांबली. मावशीची पाठ वळली की मी ताईच्या ताटातलं उचलून तोंडात कोंबत होते. पण आग्रह केला नाही तर ती मावशी कसली! दुसरी पोळी ताटात पडलीच.

“बस झालं मावशी.”

“कावून वं? आता आमच्या घरचं गोड लागत नाही का तुले?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच दटावलं. तिनं ती पोळी खाल्ली, सगळी. पाच मिनिटांत छाती धरून मोरीकडे धावली. मावशीनं तिचं कपाळ धरून ठेवलं. उलट्या थांबल्यावर ताई घामानं निथळत भिंतीला टेकली आणि माझ्याकडे न बघता ऑपरेशनचं सगळं सांगून मोकळी झाली. माझ्या हट्टापायी तिचं काही बरंवाईट झालं असतं, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

मावशीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळली.

“तुनंच सांगू नको म्हटलं असन.”

“तुला वाईट वाटेल म्हणून गं मावशी.”

“मले कावून वाईट वाटन?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “सालभर आमी दोन घासांवरच त जगून राहिलो. कमी खाऊन उठणं काय असते, हे मले समजणार नाही असं वाटलं का तुले?”

मी तिथंच मोरीपाशी रडत बसले.