मंडळीबाहेर राहिलेले मनोहरमामा

मामांना चर्चच्या मंडळीतून काढल्याचं पत्र मी लिहिलं होतं.

काल दुपारी त्यांना माती देऊन आलो. सकाळपासून दोनदा ही पोस्ट लिहून डिलीट केली. आता जमेल तशी लिहिते.

आमचं बुऱ्हाणपूरचं चर्च लहान. मराठी घरं तर बोटांवर मोजण्याइतकी, बरीचशी पेपर मिलच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून इकडे आलेली. मनोहरमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, त्यांतलेच.

आठवडाभर मिलची शिफ्ट आणि रविवारी चर्चमध्ये ढोलक. गाणं तेच उचलायचे. मला सूर कळायला लागले ते त्यांच्या शेजारी बसून.

आणि मामा प्यायचे.
प्यायले की मार्थामामीला मारायचे.

सगळ्यांना माहीत होतं. तीनदा वडील मंडळींनी समजावलं. तीनदा मामा सगळ्यांसमोर रडले, माफी मागितली. तीनही वेळा आम्ही खूश होऊन आपापल्या घरी गेलो.
मामी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेली.

मग एका रविवारी मामी मनगटाला प्लास्टर घालून आली. मामा पुढे ढोलक घेऊन बसलेले. पहिलं गाणं सुरू झालं आणि मामी उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी होती.

"रूथ, आत तो देवाचं गाणं म्हणतोय. मी आत कशी बसू, सांग?"

मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.

त्याच आठवड्यात कमिटी बसली. मी सेक्रेटरी. एक जण म्हणाले, "हा घर का मामला आहे, आपण कशाला पडायचं?" आमचे जुने पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, मनापासून म्हणाले, "चर्च पाप्यांसाठीच असतं. त्याला इथून काढलं तर तो जाईल कुठे?"

मी म्हटलं, "साहेब, मग मामी कुठे जाईल?"

 मग ठराव झाला. प्रभुभोजन बंद, उपासनेला येणं बंद. बदल दिसेल तेव्हा पुन्हा विचार करू.

पत्र घेऊन मीच इतवारा मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"अक्षर छान आलंय तुझं," एवढंच म्हणाले.

मामी आमच्या घरी राहायला आली. चर्चमध्ये पुन्हा तिच्या जागेवर बसू लागली. हळूहळू हसू लागली. त्या दिवसांत मला एकदाही वाटलं नाही की आपण चुकलो.

आजही वाटत नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण कालपासून काही जण मेसेज करताहेत की चर्चने कोणालाच कधी बाहेर काढू नये. तुम्ही त्या रविवारी मामीजवळ उभे नव्हता.

पण गोष्ट तिथे संपली नाही.

मामांनी दारू सोडली. खरंच सोडली. काविळीने मरता मरता वाचले, त्यानंतर थेंब नाही. वर्ष झालं तेव्हा ते मी शिकवते त्या शाळेच्या गेटवर आले. बारीक झालेले, शर्ट ढगळ.

"बेटा, एक बार विचार ना तिला. मी सगळ्यात मागे बसेन. गाणार नाही. प्रार्थना झाली की निघून जाईन."

मी मामीला विचारलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

"मी माफ केलंय गं त्याला. दर रविवारी नव्याने करते. पण नुसता त्याच्या खोकण्याचा आवाज आला ना, तरी माझं मनगट दुखायला लागतं."

मी जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं. तिला त्रास नको."

कमिटीसमोर विषय पुन्हा आला नाही. मी आणलाच नाही.

पुढे कोणीतरी सांगितलं, मनोहर रविवारी सकाळी राजघाटावर दिसतो. एकदा मीही पाहिलं. तापीकडे तोंड करून पायरीवर एकटेच बसलेले, ओठ हलत होते. मांडीवर बोटांनी ठेका.
मी स्कूटी स्लो केली. उपासनेला उशीर होत होता.
थांबले नाही.

परवा हार्टअटॅक आला. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं, पण उपयोग झाला नाही.

नवे पाळक तरुण आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, "ताई, रेकॉर्डला ते मंडळीबाहेर आहेत. बॉडी चर्चमध्ये आणायची की डायरेक्ट कबरस्थानात?"

मी मामीकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी होती.

"आत आणा त्याला," ती म्हणाली. "आता तो कोणावर हात उचलणार नाही."

काल चर्च भरलं होतं. इतकी माणसं नाताळला येतात. मामी तिच्या नेहमीच्या जागी बसली, शवपेटीजवळ आली नाही. गाणं उचलायला कोणी नव्हतं, शेवटी मी उचललं. फार वरच्या सुरात गेलं, अर्ध्यात सगळ्यांचा आवाज फाटला.

कबरस्थानात मामीने मूठभर माती टाकली आणि पदराला हात पुसला.

येताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. मामीने पदराची माती झटकली. मग म्हणाली,
"रूथ, पाळकसाहेब त्याच्याकडे जायचे ना गं? घरी, प्रार्थनेला?"

मी बाहेर बघत राहिले.

"आणि कमिटीतलं कोणी? तू?"

"नाही, मामी."

"कोणीच नाही?"

"नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. कळतच नव्हतं तिला.

"मी फक्त म्हटलं होतं, मी बसते तिथे नको," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही लोक जात असाल."

मामा, शेवटचा सलाम.
शांत झोपा.