स्टेशनवरची बोंडी

साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. सांगणाऱ्याचं काय जातं! पांढुर्ण्यात बाईमाणूस कामाशिवाय रस्त्यानं चालू लागलं की दारादारातून विचारणा होते, "कुठं निघाल्या?" कुठंच नाही म्हटलं तर कोणाला खरं वाटत नाही. घरात भांडण झालं असेल, असं समजून बायका मान हलवतात. मी थोडे दिवस चालले आणि सोडून दिलं. त्यापेक्षा माझं शिलाई मशीन बरं, पाय तर त्यावरही हलतात.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करत होती. एकुलती एक, आणि चिडका स्वभाव माझ्याकडून जसाच्या तसा उचललेला. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिनं मला धारेवर धरलं.

"आई, तू चालत कायले नाही?"

"मले काय दुसरं काम नाही?"

"थांब, मीच तुले काम देते," असं म्हणून तिनं माझा फोन ओढून घेतला आणि त्यात एक खेळ टाकला.

त्या खेळात आपल्याच गावाचा नकाशा दिसतो. आपण खरोखर पायी फिरलो की वाटेत तऱ्हेतऱ्हेचे प्राणी भेटतात. ते पकडायचे, पाळायचे, मोठे करायचे. पोरीचा सगळ्यात लाडका प्राणी होता अर्धं झाड आणि अर्धं जनावर. गोल अंग, डोक्यावर कापसाचा गोळा आणि हातांतही कापसाचेच गोळे. तो चालत नाही, तरंगतो. वारा नेईल तिकडं जातो. मला काही त्याचं कौतुक वाटलं नाही. ज्या गावात हिवाळाभर भाजीतसुद्धा कापसाचा तंतू निघतो, तिथं फोनात आणखी कापूस कशाला?

"पाह्य ना नीट. बाबासारखं दिसते," ती म्हणाली.

आमचे हे जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात कामाला. हंगामात संध्याकाळी घरी येतात तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, कानांतल्या केसांवरसुद्धा कापूस बसलेला असतो. अंगणात उभे राहून टॉवेलनं झटकतात, तरी थोडा राहतोच. मी त्या प्राण्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं पाहिलं, आणि मला हसू आवरेना. पोरीनं त्याचं नाव बोंडी ठेवलं होतं, कापसाच्या बोंडावरून.

त्या दिवसापासून मी चालू लागले. कोणी विचारलं तर सांगायची, पोरीनं काम दिलंय.

दिवाळीला ती आली. परत जायच्या दिवशी आम्ही तिघं स्टेशनवर गेलो, तर गाडी लेट. स्टेशनसमोर त्या खेळातला एक मनोरा आहे, फोनातच दिसतो तो. त्यावर आपला प्राणी राखणीला बसवता येतो. खाली मालकाचं नाव लिहून येतं. खेळणाऱ्यांचे रंगांप्रमाणे गट असतात; दुसऱ्या रंगाच्या कोणी त्याला लढून पाडलं की तो आपल्या मालकाकडं घरी परततो. पोरीनं मला तिच्याच पिवळ्या रंगात घेतलं होतं. तिनं तिची बोंडी त्या मनोऱ्यावर बसवली.

"पुण्यात बसवली की घंटाभरात कोणीतरी पाडते. इथं कोण खेळते बापा! आता तुले रोज स्टेशनपर्यंत यावंच लागते, हिले पाहाले."

गाडी आली, तिनं खिडकीतून हात दाखवला, चिवड्याचा डबा मांडीवरच होता. तिला मी हसताबोलता पाहिलं ते शेवटचं. तेव्हा तसं काही वाटलं नाही. उलट, गाडी लेट झाली म्हणून माझी दुपारची कामं राहिली याचाच राग होता.

मी रोज स्टेशनवर जाऊ लागले. मनोऱ्याजवळ उभं राहून आपल्या रंगाच्या प्राण्याला फळं खाऊ घालता येतात. खाल्लं की तो टवटवीत राहतो, सहजी पडत नाही. आता मला काय, कोणाच्या तोंडात घास घालायचा म्हटलं की हात थांबत नाही. मी तिला पोटभर खाऊ घालायची. मग पोरीचा फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो, म्हणून मी फोनचा आवाज मोठा करून तो खाली ठेवला.

"आई, कायले एवढं खाऊ घालून राहिली वं तिले? ती पडन तवाच घरी येईन ना! तू तर तिले पडूच देत नाही."

"मंग काय उपाशी ठेवू?"

ती खूप हसली. हे मधे कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी घास हातात धरून त्यांनी विचारलं, "पडल्यावर कुठं जाते म्हणते?"

"घरी, बाबा. माह्या फोनात. तसा मेसेज पण येते, बोंडी घरी आली म्हणून."

"असं असं," हे म्हणाले आणि जेवू लागले.

पुढच्याच महिन्यात तिला डेंग्यू झाला. ताप आहे, ताप आहे म्हणत राहिली. आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. लिहायला बसले की हात मशीनवर जातो. एवढ्या लांब गाडीनं नेऊ नका, इथंच करा, असं नातेवाईक म्हणाले, आणि आम्हाला काही सुचत नव्हतं, म्हणून तिथंच केलं. अस्थी घेऊन रेल्वेनं परत आलो. अस्थी घरात आणत नाहीत. ह्यांनी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला ती पिशवी बांधली, आणि नदीवर नेईपर्यंत ती तिथंच राहिली. ह्यांनी अंगणात खाट टाकली आणि निंबाकडं तोंड करून पडून राहिले.

"दारापर्यंत आली," एवढंच एकदा म्हणाले. "घरात नाही आली."

तिच्या मैत्रिणीनं तिचे कपडे आणि फोन पिशवीत भरून दिला होता. फोन उघडायची खूण तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. मी तो कपाटात, तिच्या ओढण्यांवर ठेवला. चार्जर मात्र लावून ठेवला, बंद पडू दिला नाही. घरच्या वायफायला तो आपोआप जोडला गेला, दिवाळीत तिनंच जोडला होता. कधी कधी कपाटातून टुण्‌ असा आवाज यायचा. कुठल्या तरी दुकानाची जाहिरात असायची. तरी मी प्रत्येक वेळी धावत जायची, वेडीच की नाही!

आणि स्टेशनवर बोंडी होती. तिच्याखाली पोरीचं नाव. तेराव्यानंतर मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती तिच्यासाठीच. गावात पोरीचं नाव आता कोणी घेत नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून माझ्या माहेरचेसुद्धा घेत नव्हते. तिथं ते नाव ठळक अक्षरांत होतं, आणि वर तो कापसाचा गोळा हलत होता. तो हलतोय तोवर तिचं काहीतरी चालू आहे, असं मला वाटायचं. मी रोज दुपारी जाऊन फळं घालायची. ऑटोवाले एकमेकांना खुणा करत. करू देत. एकानं एकदा विचारलं, "काकू, किसको लेने आए?" मी त्याच्याकडं असं पाहिलं की परत विचारलं नाही.

संक्रांतीनंतर एक दिवस गेले तर बोंडी मलूल. कोणीतरी लढून गेलं होतं. मी होती नव्हती ती फळं घातली, तेव्हा ती सावरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. म्हणजे गावात कोणीतरी दुसऱ्या रंगाचा होता आणि हात धुऊन माझ्या बोंडीच्या मागं लागला होता. मी दुपारी खाऊ घालायची, आणि तो नंतर कधीतरी येऊन तिला दमवून जायचा.

फळं पुरेनात. फळांसाठी आणखी चालावं लागतं. मी बाजारापर्यंत चालले, नदीच्या पुलापर्यंत चालले. साखर इतकी उतरली की डॉक्टरांनी शाबासकी दिली, तेव्हा मला त्यांचं तोंड पाहवेना. रात्री जेवताना मी त्या अनोळखी माणसाच्या नावानं बोटं मोडायची.

"मुडदा बशिवला त्याचा! काय बिघडवलं असन माह्या लेकरानं त्याचं? त्याच्या हाताले लकवा मारो!"

हे चून-भाकर खात खाली मान घालून बसायचे. एकदा म्हणाले, "जाऊ दे ना वं."

"जाऊ कशी देऊ? तुमाले काई वाटते का नाई?" मी त्यांच्यावरच उसळले. "पोरीचं एवढं एक राहिलं, तेबी जाऊन राहिलं, अन् तुम्ही मुकाट्यानं जेवून राहिले."

ते उठले, हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. बापाचं काळीज दगडाचं असतं, असं मी मनात म्हटलं.

होळीच्या आधी वारा सुटला. बोरगावला माझ्या भावाच्या घरी सत्यनारायण होता आणि वर्षाच्या आत कुठल्या कार्याला नाही म्हणत मी टाळत होते, पण भाऊ स्वतः घ्यायला आला. एका मुक्कामाचं म्हणून गेले, आणि वहिनीनं आणखी एक दिवस ठेवून घेतलं. तिथून बोंडीला खाऊ घालता येत नव्हतं. जीव सगळा स्टेशनवर.

परत आले ती संध्याकाळी. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच कपाटातून टुण्‌ आवाज आला. सवयीनं गेले. पोरीच्या फोनचा पडदा उजळला होता. कुलूप तसंच, पण वर एक ओळ आली होती. इंग्रजीत होती, पण तेवढं मला कळतं. बोंडी पांढुर्णा स्टेशनवरून तुमच्याकडे घरी परत आली आहे.

मी तशीच पायांत चप्पल सरकवली आणि निघाले. दारातून कोणी विचारलं की नाही, आठवत नाही. वाटेत मी त्या माणसाला काय काय बोलायचं ते ठरवत होते. स्टेशनसमोर आले, फोन उघडला. मनोरा लाल झाला होता. पोरीचं नाव गेलं होतं.

आणि समोरच्या पारावर हे बसले होते. जिनिंगमधून थेट आलेले, डोक्यावर, भुवयांवर कापूस तसाच. हातात फोन, ज्यावर ते एरवी फक्त भजनं ऐकतात आणि कापसाचा भाव पाहतात. फोनावर तोच लाल मनोरा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ज्याला मी रोज शिव्या घालत होते, त्याच्याच ताटात भाकर वाढत होते.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"तू आली?" म्हणाले. "हे शिकाले लय टाइम लागला मले. म्या संध्याकाळी थोडी पाडत होतो, अन् तू दुपारी पुन्हा उभी करून ठेवत होती."

"कायले केलं असं तुम्ही?"

"पोरगी म्हणत होती ना, आई खाऊ घालते म्हणून तिले घरी येता येत नाही म्हणून." त्यांनी फोन खिशात ठेवला. "एक तरी आणू घरी, म्हटलं."

मी तिथंच पारावर बसले. ठरवलेलं सगळं बोलणं कुठं गेलं कळलं नाही. राग होता, अजूनही थोडा आहे; माझी दुपार त्यांनी हिरावून नेली. पण निंबाकडं तोंड करून पडलेला हा माणूस मला आठवला, आणि त्याच्या हाताला लकवा मारो असं मी त्याच्याच तोंडावर म्हटलं होतं तेही आठवलं. वारा जोरात होता. त्यांच्या डोक्यावरचा कापूस थोडा थोडा उडून रुळांकडं जात होता.

"मेसेज आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

"घरी आली म्हणून?"

"हो."

आम्ही घरी आलो. त्यांनी अंगणात कापूस झटकला नाही, तसेच आत आले आणि कपाटासमोर उभे राहिले. मी फोन काढून त्यांच्या हातात दिला. खेळ उघडून बोंडी पाहायची तर कुलूप आमच्याच्यानं उघडणार नव्हतं. त्या ओळीला बोट लावलं तर तीही जाईल, या भीतीनं त्यांनी फोन कडेनं धरला होता. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

"वाच," ते म्हणाले.

मी मराठीत करून वाचलं. बोंडी घरी आली.

ते खाली बसले आणि रडू लागले. पुण्यात रडले नव्हते, नदीवर रडले नव्हते. फोन तसाच कडेनं धरलेला.

"पुन्हा वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.