दारातून न गेलेला गणपती

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना तर नाहीच. ज्या दोघांना ठाऊक होतं ते कधी बोलले नाहीत, म्हणून माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं. तुम्ही अनोळखी आहात म्हणून धीर करते. अनोळखी माणसापुढे लाज थोडी कमी वाटते — नाही का?

मी हमरापूरची. पेणजवळचं आमचं गाव, घरोघर गणपतीचे कारखाने. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दादानं, माती मळून मला टायपिंगपर्यंत शिकवलं आणि मी मुंबईला नोकरीला लागले. नोकरी टेंपररी, पण ऑफिस कसलं! समुद्राजवळची काचेची उंच इमारत, नवीकोरी. खाली गुळगुळीत दगडाचा मोठा चौक, कारंजं, बसायला कट्टे. सगळे त्याला प्लाझा म्हणत. कोणीही यावं, बसावं म्हणून तो बांधलेला. पण आमच्याकडची माणसं आली की चपला काढाव्यात की काय अशा विचारात कडेला उभी राहत. मी मात्र टाचा वाजवत जायची. भारी तोरा होता मला.

एका वर्षी साहेबांच्या मनात आलं, खालच्या हॉलमध्ये गणपती बसवायचा. मी फुशारकीनं म्हटलं, माझा भाऊच मूर्तिकार आहे. मधलं दार गोल फिरणारं, त्यातून देव कसा जाणार? म्हणून बाजूच्या काचेच्या दाराचं माप घेतलं. साहेबांनी बजावलं, सगळं मिळून या उंचीत बसलं पाहिजे. शनिवारी गावी जाऊन मी ती उंची दादाला सांगितली.

आणि इथेच — कसं सांगू? आमच्याकडे गिऱ्हाईक आपला पाट कारखान्यात आणून देतं, त्या पाटावरच मूर्ती घडते. उंची बोलायची ती मूर्तीची, पाट त्यात धरत नाहीत. हे मला कळायला लागल्यापासून माहीत. तरी दादानं विचारलं होतं, "पाट धरून का पाट सोडून गो?" मी म्हटलं, "पाट सोडून." विसरले होते? नाही. सगळ्या इमारतीत आपलाच गणपती मोठा दिसावा ही हाव. वाटलं, थोडं इकडेतिकडे चालून जाईल. ऑफिसच्या सुतारानं केलेला पाट चांगला वीतभर उंच निघाला.

टेंपो आला तो जेवणाच्या सुट्टीत. सगळी इमारत चौकात उतरलेली. दादा, वहिनी आणि गावची दोघं-तिघं मूर्ती घेऊन दारापर्यंत आली आणि मुकुट चौकटीला अडला. शाडूची मूर्ती आडवी करता येत नाही, पाटावरून सोडवायला जावं तर तडकते. मागचं सामानाचं दार त्याहून बुटकं. एवढी मोठी इमारत, आणि देवाला आत शिरायला वाट नाही! कोणीतरी हसलं. साहेब खाली आले आणि त्यांनी विचारलं, माप कोणी चुकवलं?

ते माझ्याकडे बघत होते. दादाही बघत होता. मी म्हटलं, "मी बरोबर सांगितलं होतं, सर. गावची माणसं आहेत, त्यांना नाही कळलं."

गावची माणसं. माझ्या दादाला म्हणाले मी हे.

वहिनी काही बोलणार होती, दादानं तिचा हात दाबला. "व्हय सायेब, माप माझंच चुकलं," तो म्हणाला.

मूर्ती परत गेली. एका घरात दोन गणपती पुजत नाहीत, म्हणून वहिनीनं तो कारखान्यातच बसवला. इकडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सख्ख्या भावाचीसुद्धा बाजू घेतली नाहीस, अशी माणसं हवीत आम्हाला. दिवाळीच्या आत मी पर्मनंट झाले.

पेढे घेऊन गावी गेले तेव्हा दादानं एकदाच विषय काढला. "नोकरी पक्की झाली ना गो? मग आता सांगशील ना, चूक कोणाची व्हती ती? गावात लय बोलतात." खरं तो स्वतःही सांगू शकला असता. पण गावातली बोलणी मुंबईला पोचतात, माझ्या नोकरीवर आलं असतं, म्हणून तो गप्प होता. मी म्हटलं, "सांगते."

नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू — खोटं कशाला बोलू, तसंही काही म्हणत नव्हते. सांगायचंच नव्हतं मला. देवाचं माप चुकवणाऱ्याकडे कोण जाणार? पुढच्या वर्षी दादाकडे मोजकेच पाट आले, मग तेही येईनात. त्यानं कारखाना बंद केला आणि रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत लागला. गणपतीचे डोळे आखणाऱ्या त्या बोटांची सालं निघायची. भाऊबीजेला मी ओवाळायची तेव्हा तीच बोटं तबकात ओवाळणी टाकायची. मी ती घ्यायची.

साहेब रिटायर झाले, तो समारंभ खालच्या चौकातच झाला. भाषण मी केलं. साहेबांच्या न्यायी स्वभावाचं भरभरून कौतुक केलं आणि टाळ्या घेतल्या. दादा त्या वेळी धाटावला दुसऱ्या शिफ्टला उभा होता.