खारुनच्या काठावरची नवी तार

आमच्या चौबे कॉलोनीतल्या इमारतीच्या गच्चीवर पापड चालतात, लोणच्याच्या बरण्या चालतात, अँटेना चालत नाही. सोसायटीशी भांडून घसा बसला, तेव्हा मी माझा हॅम रेडिओच, दूरच्या माणसांशी बोलायचा संच, उचलून बाहेर न्यायला लागलो. रविवारी सकाळी मी नि बायको स्कूटरवरून खारुन नदीच्या काठी जातो. लहान सेट, बॅटरी, ट्यूनर आणि तारेचं भेंडोळं. तारेचं एक टोक झाडावर, दुसरं ट्यूनरला, आणखी एक तार जमिनीवर पसरलेली. ट्यूनरची बटणं फिरवून तारेचं आणि सेटचं जमवून दिलं, की झाली अँटेना. यात माझा हात कोणी धरणार नाही.

त्या रविवारी मात्र जिवाला घोर होता. मला मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांनी बोलायची लिपी, शिकवणारे काका नागपूरला असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. पावसाळाभर आमचं नदीवर जाणं बंद होतं, म्हणून उद्या रेडिओवर भेटू हे सांगायला आदल्या दिवशी फोन केला तर त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबाले आता काहीच ऐकू नाही येत, दादा. सकाळी सवयीनं हेडफोन लावून बसतात फक्त. उद्या दुपारी सेट काढून टाकतो, उगाच जागा अडवून राहिला."

बोलणं कळत नसलं तरी मोर्सचा सूर काकांना ऐकू येणार, याची मला खात्री होती. पण ती पटवून द्यायला एकच सकाळ हाती होती. म्हणून जुनी झिजलेली तार बाजूला ठेवली, ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानातून नवी कोरी आणली आणि सढळ हातानं वीस मीटर कापली.

दोरीला दगड बांधून तार फांदीवर चढवली. जाता जाता एका बाईंनी विचारलं, "भैया, पतंग अटक गई क्या?" मी "हव" म्हणून मोकळा झालो. समजावत बसायला वेळ कुणाला होता? आणि ट्यूनर काही जुळेना. सगळी बटणं फिरवून झाली, पण काटा सांगत होता की पाठवलेली पॉवर परत येते आहे.

"काहून, जुळून नाही राहिलं?" बायकोनं विचारलं.

"ट्यूनर बिघडला वाटते."

"ट्यूनर तर तोच हाय. तार तेवढी नवी हाय."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही चाळीस मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर बोलतो, आणि मी त्याची बरोबर अर्धी लांबी कापून आणली होती. ट्यूनरला नेमकी तीच सोसत नाही. थोडी कमी-जास्त द्या, बिचारा सांभाळून घेतो. नवख्यालाही हे पाठ असतं. डब्यासोबतचा काकडीचा चाकू घेतला आणि चार मीटर तार छाटून टाकली. काटा मुकाट खाली बसला.

मोर्समध्ये काकांची रेडिओवरची ओळखीची खूण ठोकली, मग माझी. नुसती खरखर. पुन्हा ठोकली. या वेळी माझी खूण पुरी होण्याआधीच उत्तर आलं. ठोके संथ झाले होते, पण ठोकायची लकब त्यांचीच. रोमन अक्षरांतून आमची नेहमीची भाषा: कुठी होता बे? साफ ऐकून राहिलो. बोलत राय. घरात कोणी बोलत नाही माझ्याशी.

मला रडू आलं. हात तेवढा थांबू दिला नाही. सुचेना, तेव्हा नदीला पाणी किती आहे ते सांगितलं, डब्यात काय आहे ते सांगितलं. "त्यांना सगळं ऐकू येतं," मी बायकोला म्हटलं. तिनं तिथूनच त्यांच्या मुलाला फोन लावला.

"भाऊ, त्या सेटले हात नोका लावू. बाबा बोलून राहिले."